जावक तारीख, आवक तारीख



आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत दोन जाड वह्या असतात. एक आवक नोंदवही आणि दुसरी जावक नोंदवही. आलेल्या पत्राची तारीख एकीत, पाठवलेल्याची दुसरीत. आता असं समजा, की एका अर्जाची शेवटची तारीख ३१ आहे. अर्जदाराने तो २९ला पोस्टात टाकला आणि कचेरीत तो पोचला पुढच्या महिन्याच्या २ तारखेला. हा अर्ज वेळेत आला की उशिरा? जावक तारीख धरायची की आवक?

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? पण या एका प्रश्नावर देशोदेशींच्या कायद्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत आणि त्या उत्तरांमुळे माणसांचे पैसे बुडाले आहेत किंवा वाचले आहेत. आज आपण जर्मनीतली गोष्ट ऐकणार आहोत. तिथे आपली बरीच मराठी कुटुंबं नोकरीधंद्यासाठी राहतात, दरवर्षी कराचं विवरण भरतात आणि त्यांच्यातले काही जण अजूनही ते कागदावर भरून पाकिटात घालतात.

जर्मनीचं उत्तर आधीच सांगून टाकतो: आवक. कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत पत्र कधी टाकलं, त्यावर पोस्टाचा शिक्का कुठल्या तारखेचा बसला, याने काम भागत नाही. फिनान्झआम्ट, म्हणजे तिथलं कर कार्यालय, त्याच्या ताब्यात कागद ज्या दिवशी आला, तो दिवस खरा. अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे करविवरण उशिरा पोचलं तरी पोस्टाचा शिक्का मुदतीतला असेल तर ते वेळेत धरतात. तशी तरतूद १९५४च्या त्यांच्या कर संहितेत आहे. म्हणून अमेरिकेतल्या भावाचा सल्ला ऐकून जर्मनीतल्या बहिणीने शेवटच्या दिवशी पाकीट पेटीत टाकलं, तर ती अडचणीत येईल.

अडचण किती मोठी, हेही बघू. ज्यांना जर्मनीत विवरण भरणं सक्तीचं आहे आणि जे सल्लागाराशिवाय स्वतः भरतात, त्यांची मुदत आता पुढच्या वर्षाच्या ३१ जुलैला संपते. २०१७ सालापर्यंतच्या विवरणांसाठी ती ३१ मे होती. उशीर झाला तर दर महिन्याला ठरलेल्या कराच्या ०.२५ टक्के, आणि कमीत कमी २५ युरो, असा विलंब आकार लागू शकतो. तो त्रास आहे, पण सोसण्यासारखा. खरी कसोटी आहे ती सक्ती नसलेल्यांची. कुणी वर्षाच्या मध्येच नोकरीला लागलेलं असतं. पगारातून कर मात्र असा कापला जातो, जणू तेवढाच पगार बाराही महिने मिळाला. अशा माणसाने स्वतःहून विवरण भरलं तर बऱ्याचदा चांगली रक्कम परत मिळते. त्याला चार वर्षांची मुदत आहे. चौथ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरची रात्र उलटली की तो परतावा कायमचा गेला. तिसरी मुदत आहे ती हरकतीची. कर कार्यालयाने काढलेला आदेश चुकीचा वाटला तर एका महिन्यात लेखी हरकत पोचली पाहिजे. नाही पोचली तर चुकीचा आदेशसुद्धा पक्का होऊन बसतो.

आता मागे जाऊ. प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, १८९१ साली अर्थमंत्री योहानेस फॉन मीकेल यांनी नवा प्राप्तिकर कायदा आणला. त्याआधी माणसाची ऐपत कोण ठरवायचं? स्थानिक समित्या अंदाजाने ठरवायच्या. नव्या कायद्याने ३,००० मार्कांहून जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्यांना सांगितलं, की तुमचं उत्पन्न तुम्हीच जाहीर करा. दर फार नव्हते. सगळ्यात वरचा दर ४ टक्क्यांचा. पण एक गोष्ट कायमची बदलली. कर भरणाऱ्याला आता स्वतःहून एक कागद सरकारकडे पाठवायचा होता, आणि जिथे कागद पाठवायचा तिथे तारखेचा प्रश्न आलाच.

त्याच सुमारास जर्मनीचे कायदेपंडित आपला मोठा नागरी कायदा लिहीत होते. तो १८९६ साली मंजूर झाला आणि १ जानेवारी १९०० पासून लागू झाला. दूरच्या माणसाला पत्राने काही कळवलं, तर ते कळवणं कोणत्या क्षणी पुरं झालं, यावर त्यांच्यात चार मतं होती. पत्र लिहून झालं तेव्हा, असं एक मत. ते हातातून सोडलं तेव्हा, हे दुसरं. समोरच्याकडे पोचलं तेव्हा, हे तिसरं. त्याने ते वाचलं तेव्हा, हे चौथं. कायद्याने तिसरं मत निवडलं आणि ते १३०व्या कलमात घातलं. त्याच कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं, की पत्र सरकारी कार्यालयाला असलं तरी हाच नियम.

यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. पत्र वाटेत असताना ते कोणाच्या जबाबदारीवर आहे? पोस्टाने पाठवायचं की कुणाच्या हाती द्यायचं, आज पाठवायचं की उद्या, हे पाठवणारा ठरवतो. म्हणून वाटेचा धोका त्याचा. पण पत्र एकदा घेणाऱ्याच्या पेटीत पडलं की पुढचं त्याने बघायचं. त्याने पेटी उघडलीच नाही, कारकून रजेवर होता, पाकीट ढिगात दबलं, ही त्याची जबाबदारी. एकाच्या अंगणात जे घडेल ते त्याने सोसायचं आणि दुसऱ्याच्या अंगणातलं दुसऱ्याने.

इंग्लंडने वेगळी वाट धरली होती. १८१८ साली लोकरीच्या एका सौद्यावरून तिथे खटला गाजला. विक्रेत्याने पत्ता चुकवला, त्यामुळे त्याचं पत्र गिऱ्हाइकाकडे उशिरा गेलं. गिऱ्हाइकाने त्याच दिवशी होकार पोस्टात टाकला, पण तो पोचेपर्यंत विक्रेत्याने लोकर दुसऱ्याला विकली होती. न्यायालय म्हणालं, होकार पोस्टात पडला तेव्हाच सौदा झाला. ही इंग्रजी कल्पना आपल्याकडे १८७२च्या भारतीय करार कायद्यात आली. त्याच्या चौथ्या कलमानुसार होकाराचं पत्र पाठवणाऱ्याच्या हाताबाहेर गेलं, की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. म्हणजे सौद्याच्या होकारापुरता आपला कायदा जावक नोंदवही बघतो आणि जर्मन कायदा आवक नोंदवही. आपल्या मनात “पत्र टाकलं, म्हणजे माझं काम झालं” अशी भावना असते, तिला कायद्याचाही थोडा आधार आहे. जर्मनीत तो आधार मिळत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचा खजिना रिकामा होता. १९१९ साली अर्थमंत्री मातियास एर्त्सबेर्गर यांनी कर गोळा करण्याचं काम राज्यांकडून काढून केंद्राकडे घेतलं आणि देशभर एकसारखी कर कार्यालयं उभी राहिली. पगारातूनच कर कापण्याची पद्धतही १९२० साली त्यांच्याच सुधारणांतून आली. या सुधारणांनी त्यांना शत्रूही बरेच मिळवून दिले. युद्धबंदीच्या करारावर त्यांची सही होती, तो रागही होताच. २६ ऑगस्ट १९२१ रोजी काळ्या जंगलाच्या भागात फिरायला गेलेले असताना उजव्या अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

त्यांच्या काळातला करप्रक्रियेचा मूळ कायदा डिसेंबर १९१९चा. त्याचा मसुदा एन्नो बेकर नावाच्या न्यायाधीशांनी लिहिला. त्यात एक सुंदर शब्द होता, “नाखझिख्ट”. त्याचा अर्थ सांभाळून घेणं. माणसाची स्वतःची काही चूक नसताना हरकतीची मुदत हुकली, तर त्याने अशी नाखझिख्ट मागावी, असं तो कायदा म्हणत होता. आपल्याकडे वकील मंडळी विलंब माफीचा अर्ज करतात, त्याचाच हा भाऊ. पुढे १ जानेवारी १९७७ पासून नवा करप्रक्रिया कायदा आला आणि त्यात हीच सोय ११०व्या कलमात “पूर्वीच्या स्थितीत पुन्हा बसवणं” या नावाने राहिली. अडचण दूर झाल्यापासून एका महिन्यात अर्ज करायचा आणि राहिलेलं कामही त्याच महिन्यात पुरं करायचं.

दिवाणी न्यायालयांत मात्र ही माफी फार काळ कंजूषपणे मिळत होती. १८७७च्या दिवाणी प्रक्रिया कायद्याने ती फक्त नैसर्गिक आपत्ती किंवा टाळताच न येणारा अपघात अशा कारणांसाठी ठेवली होती. तिथेही “स्वतःची चूक नसताना” ही सौम्य कसोटी आली ती १९७७ सालीच.

या बदलाच्या मागेपुढे कार्ल्सरुहे शहरातल्या संविधान न्यायालयाचे निकाल आहेत. १९७०च्या दशकात त्या न्यायालयाने एकामागून एक प्रकरणांत दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली अशी, की मुदत शेवटच्या मिनिटापर्यंत वापरण्याचा नागरिकाला हक्क आहे. कचेरीचं दार चार वाजता बंद झालं म्हणून मुदतीचा दिवस चार वाजता संपत नाही. तो रात्री बाराला संपतो. दुसरी अशी, की पोस्टाच्या दिरंगाईचा ठपका नागरिकावर ठेवायचा नाही. पत्ता बरोबर आहे, तिकीट पुरेसं आहे आणि पोस्टाच्या नेहमीच्या वेगाने वेळेत पोचेल इतकं आधी पत्र टाकलं आहे, एवढं झालं की त्याने आपलं काम केलं. पत्र उशिरा पोचलं हे खरंच, ते वेळेत आलं असं कुणी म्हणणार नाही; पण तो उशीर माफ झाला पाहिजे. आवक तारखेचा नियम तसाच राहिला आणि त्याच्या शेजारी न्यायाची एक खिडकी उघडली.

मुदत बारापर्यंत असेल, तर बाराच्या आधी आलेलं आणि नंतर आलेलं पत्र वेगळं कसं ओळखायचं? यासाठी जर्मनीत एक खास वस्तू वापरात आली. तिचं नाव “नाख्टब्रीफकास्टन”, रात्रीची टपालपेटी. बाहेरून ती साध्या पेटीसारखी दिसते. आत दोन कप्पे असतात आणि मध्ये घड्याळाला जोडलेली एक झडप. दिवसभर आणि रात्री बारापर्यंत पडलेली पाकिटं एका कप्प्यात जातात. बाराला झडप फिरते आणि त्यानंतरची पाकिटं दुसऱ्या कप्प्यात पडतात. सकाळी कारकून येतो आणि पहिल्या कप्प्यातल्या पत्रांवर कालचा शिक्का मारतो, दुसऱ्यातल्यांवर आजचा. आवक नोंदवहीतलं पहिलं पान जणू ही झडपच लिहिते. हा आवक शिक्का अधिकृत पुरावा मानला जातो. तो चुकला आहे असं म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावं लागतं. करता येतं, पण साक्षीदार लागतो.

शनिवार-रविवारचीही गोष्ट आहे. मुदत रविवारी किंवा सणाच्या दिवशी संपत असेल तर ती पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत सरकते, हे जर्मनीत जुनंच. पण पाच दिवसांचा आठवडा रुजला तसा शनिवारचा प्रश्न आला आणि ऑगस्ट १९६५ मध्ये खास कायदा करून शनिवारही त्यात घातला. याचा फायदा एका जोडप्याला किती झाला ते ऐका. २००७ सालच्या परताव्यासाठीची चार वर्षं ३१ डिसेंबर २०११ला संपत होती. त्या दिवशी शनिवार होता. दुसऱ्या दिवशी रविवार, शिवाय नववर्षाची सुट्टी. त्यांचं विवरण पोचलं सोमवारी, २ जानेवारी २०१२ला. कर कार्यालय म्हणालं, वर्ष संपलं, विषय संपला. प्रकरण म्युनिकच्या बुंडेसफिनान्झहोफकडे, म्हणजे करविषयक सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं. जानेवारी २०१६ मध्ये निकाल लागला: सोमवारी आलेलं विवरण वेळेत आहे.

दुसरी एक रात्र ३१ डिसेंबर २०१३ची. सगळं शहर नववर्षाच्या तयारीत असताना एका घरातून २००९ सालचं विवरण पेटीत टाकायला कुणी तरी बाहेर पडलं. पाकीट मुदतीतच पेटीत पडलं, पण ती पेटी होती भलत्याच फिनान्झआम्टची. त्या घराचा कारभार ज्या कार्यालयाकडे होता, ते दुसरंच. परतावा नाकारला गेला. हा वाद सहा वर्षांहून अधिक काळ चालला. १३ फेब्रुवारी २०२० रोजी म्युनिकच्या न्यायालयाने सांगितलं, की विवरण कर खात्याच्या एका कार्यालयाकडे मुदतीत पोचलं, एवढं पुरे. ते ज्याचं त्याने पुढे पाठवायचं. या निकालावर विसंबून मुद्दाम जवळच्या पेटीत टाकू नका. पण नियम आवक तारखेचा असला तरी आवक कुठली, याचा अर्थ न्यायालयाने उदारपणे लावला हे लक्षात घ्या.

पाकीट वाटेत हरवलंच तर काय? हरकतीच्या मुदतीसाठी माफीचा अर्ज चालतो, पण न्यायालयं बारीक प्रश्न विचारतात. पत्र कुणी लिहिलं, कुणी पाकिटात घातलं, कुणी, कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, कुठल्या पेटीत टाकलं? “आम्ही नेहमीप्रमाणे पाठवलं” हे उत्तर पुरत नाही. कर सल्लागारांच्या कार्यालयांकडून तर मुदतींची वही आणि जावक वही दोन्ही मागतात. म्हणजे आवक तारखेच्या देशातसुद्धा संकटाच्या वेळी माणसाला वाचवते ती जावक नोंदवहीच. परताव्याच्या त्या चार वर्षांच्या मुदतीला मात्र ही माफीही लागू होत नाही. कर ठरवण्याचा काळ संपला की तो पुन्हा उघडता येत नाही, असं त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. शेवटच्या आठवड्यात टाकलेलं पाकीट वाटेत गहाळ झालं तर पैसे गेले.

आता उलटी दिशा पाहू. कर कार्यालय तुम्हाला पत्र पाठवतं तेव्हा कुठली तारीख धरतात? इथे कायद्याने सरकारला थोडं झुकतं माप दिलं आहे. कर ठरवण्याची मुदत संपण्याआधी आदेशाचं पाकीट कार्यालयातून बाहेर पडलं, की मुदत पाळली गेली, असं १६९वं कलम म्हणतं. म्हणजे नागरिकाला आवक तारीख आणि सरकारला जावक! यालाही न्यायालयाने एक वेसण घातली. नोव्हेंबर २००२ मध्ये बुंडेसफिनान्झहोफच्या मोठ्या खंडपीठाने ठरवलं, की पाकीट नुसतं बाहेर पडून भागणार नाही. ते पुढे खरोखर नागरिकाकडे पोचलं पाहिजे. वाटेतच हरवलं तर सरकारची मुदतही हुकली.

तुमची हरकतीची महिनाभराची मुदत आदेश तुम्हाला मिळाल्यापासून मोजतात. पण तो कधी मिळाला हे दरवेळी कोण तपासणार? म्हणून कायद्याने एक गृहीतक ठेवलं: पोस्टात टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी पत्र मिळालं असं समजायचं. प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी मिळालं तरी तिसराच दिवस. तो तिसरा दिवस सुट्टीचा असला तर पुढचा कामाचा दिवस, असं २००३ साली न्यायालयाने जोडलं. पत्र आलंच नाही असं तुम्ही म्हणालात, तर ते आलं हे दाखवण्याची जबाबदारी कार्यालयावर. उशिरा आलं म्हणत असाल तर मात्र तुम्हाला काही ठोस दाखवावं लागतं. म्हणून जर्मनीत जुनी माणसं सरकारी पत्राचं पाकीट फेकत नाहीत, पत्रालाच टाचून ठेवतात.

हा तिसरा दिवस अनेक दशकं टिकला, कारण टपाल भरवशाचं होतं. १९९९च्या नियमाप्रमाणे ८० टक्के पत्रं दुसऱ्या कामाच्या दिवशी आणि ९५ टक्के त्यानंतरच्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली पाहिजेत, अशी अट होती. पुढे लोकांनी पत्रं लिहिणंच कमी केलं. रोज रात्री देशभर टपाल पळवणं परवडेना. २०२४ साली टपाल कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२५ पासून नवी अट आली: ९५ टक्के पत्रं टाकल्यानंतरच्या तिसऱ्या कामाच्या दिवशी, ९९ टक्के चौथ्या. त्याच दिवसापासून कराच्या आदेशाचं गृहीतकही तीनवरून चार दिवसांवर गेलं. उदाहरण घ्या. आदेश सोमवारी, ३ मार्च २०२५ला टपालात पडला. जुन्या हिशोबाने तो गुरुवारी, ६ मार्चला मिळाला असता. नव्याने शुक्रवारी, ७ मार्चला. हरकत ७ एप्रिलच्या रात्री बारापर्यंत पोचली की झालं.

म्हणजे सरकारकडून येणाऱ्या पत्रासाठी तुम्हाला एक दिवस जादा मिळाला. सरकारकडे जाणाऱ्या पत्रासाठी मात्र मुदत एका मिनिटानेही वाढलेली नाही. उलट, पूर्वी आदल्या एक-दोन दिवशी टाकलेलं पत्र उशिरा पोचलं तर “पोस्टाचा नेहमीचा वेग धरून टाकलं होतं” असं सांगता यायचं. आता नेहमीचा वेगच तीन-चार कामाच्या दिवसांचा ठरला आहे. तेव्हा तितकं आधी टाकलं नसेल तर माफी मागायला तोंड राहत नाही. टपाल मंदावलं, त्याचा भार पुन्हा पाठवणाऱ्याच्या बाजूला सरकला.

कागदाशिवायच्या वाटाही याच काळात तयार झाल्या. आधी फॅक्स आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये बुंडेसफिनान्झहोफने मान्य केलं, की सहीचं पान फॅक्सने आलं तरी विवरण वैध आहे. फॅक्सच्या बाबतीत जर्मन न्यायालयं सेकंदाला धरून बसतात. मुदतीचा दिवस ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंदांनी संपतो. बाराच्या ठोक्याला आलेला फॅक्स दुसऱ्या दिवसाचा. १९९९ साली “एल्स्टर” सुरू झाली, संगणकावरून विवरण भरण्याची सरकारी यंत्रणा. जर्मन भाषेत एल्स्टर हे एका पक्ष्याचंही नाव आहे, काळा-पांढरा, चमकदार वस्तू पळवणारा म्हणून बदनाम झालेला. कर खात्याला हे नाव कसं चाललं, याची गंमत वाटते. सुरुवातीला संगणकावरून पाठवून पुन्हा सहीचा कागद टपालाने धाडावा लागे. आता तो लागत नाही, आणि पाठवल्याची नोंद तारीख-वेळेसह लगेच हातात पडते. २०११ सालच्या विवरणापासून व्यवसाय करणाऱ्यांना हीच वाट सक्तीची झाली. नुसता पगार असलेल्यांना कागद अजून चालतो.

संगणक आल्याने वाटेचा धोका संपला, असंही नाही. जुलै २०२२ मध्ये घराजमिनीच्या नव्या करासाठी देशभरच्या मालकांकडून माहिती मागवली गेली आणि एल्स्टरवर इतकी गर्दी झाली की ते काही काळ बंद ठेवावं लागलं. शेवटी ऑक्टोबर २०२२ची मुदत ३१ जानेवारी २०२३पर्यंत वाढवली. पत्र वाटेत अडकायचं, तसं आता पान उघडता उघडत नाही. यंत्रणा सरकारची असल्यामुळे तिच्या बिघाडाचा दोष नागरिकाला लागू नये, हा जुनाच न्याय इथे पुन्हा लावावा लागतो.

आणि आपल्याकडे? भारतात प्राप्तिकर विवरण संगणकावर भरल्यावर ज्यांना ते तिथेच प्रमाणित करता येत नाही, ते सही केलेला एक कागद बंगळुरूच्या केंद्राला टपालाने पाठवतात. त्यासाठी पूर्वी १२० दिवस होते, ऑगस्ट २०२२ पासून ३० झाले. तेव्हाच्या नियमात म्हटलं होतं, की स्पीड पोस्टने कागद रवाना झाल्याची तारीख धरली जाईल. म्हणजे जावक. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमात ती बदलून कागद बंगळुरूला मिळाल्याची तारीख आली. म्हणजे आवक. फारशी चर्चा न होता आपणही या बाबतीत जर्मनीच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. तेव्हा सांगली-सोलापुरातून हा कागद पाठवणाऱ्यांनीही तिसाव्या दिवसाची वाट पाहू नये.

जाता जाता, जर्मनीतल्या श्रोत्यांसाठी या सगळ्या इतिहासातून निघणारी चार कामाची सूत्रं. जमत असेल तर एल्स्टरवरून भरा आणि पाठवल्याची नोंद जपून ठेवा. कागदच पाठवायचा असेल तर मुदतीच्या निदान आठवडाभर आधी टाका. ते राहून गेलं असेल तर टपालाच्या भरवशावर न राहता स्वतः फिनान्झआम्टच्या पेटीपाशी जा, रात्री बाराच्या आत, आणि सोबत असा कुणी न्या ज्याने पाकिटात काय आहे ते पाहिलं आहे. रजिस्टर पत्राची पावती पाकीट पोचल्याचं सांगते, आत काय होतं ते सांगत नाही. आणि घरात एक छोटी जावक वही ठेवा: काय पाठवलं, कुणी टाकलं, कुठल्या पेटीत, किती वाजता. एरवी तिचा काही उपयोग नाही. पण जेव्हा लागते तेव्हा न्यायालय हेच विचारतं.

आजचा भाग इथे थांबवतो. तुमच्याकडे विवरणाची जुनी पाकिटं, शिक्के असतील तर त्यांच्यावरच्या तारखा एकदा जुळवून पाहा. जावक आणि आवक यांच्यात किती दिवस गेले ते कळेल. पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.